अण्णांचं जाड-बारीक अक्षर

"ताई, ते अक्षर लावा."

दुकानात आलेलं माणूस एवढंच म्हणतं. कुठलं ते, हे मी विचारत नाही. डोकं नुकतंच भादरलेलं असतं, खिशात मजकुराचा चुरगळलेला कागद असतो आणि बोलायचं त्राण नसतं. मी खुर्ची पुढं सरकवते, पाणी देते आणि ते अक्षर लावते. ते माझ्या वडिलांचं अक्षर आहे. त्याचं पुढं असं होणार हे आधी कळलं असतं, तर मी त्याच्या वाटेलाच गेले नसते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ताडकळसला चित्रकला शिकवायचे. चित्र त्यांना बेताचंच यायचं, खोटं कशाला सांगू. त्यांनी काढलेला बैल कोणता आणि म्हैस कोणती हे कळायला खाली नाव लिहावं लागायचं. पण ते नाव असं लिहायचे की लोक बैल सोडून नावाकडंच बघत बसायचे. त्यामुळं आसपासच्या गावांत कुणीही नोकरीतून निवृत्त झालं की मानपत्र लिहायचं काम अण्णांकडं यायचं. मास्तर, पोस्टमन, तलाठी, एकदा तर एसटीचा एक कंडक्टर. निरोपाच्या सभेत ते मानपत्र वाचून दाखवायचे आणि मग काचेत बसवून त्या माणसाच्या घरी भिंतीला टांगायचे. अजूनही कुणाच्या घरी गेलं आणि भिंतीवर तसा कागद दिसला, की मी आधी तो बघते, मग माणसांना रामराम करते.

अण्णा बोरूनं लिहायचे. बोरूचं टोक चाकूनं तिरपं कापायचं, दगडावर घासायचं, मग ओठाला लावून बघायचं. ओठाला टोचलं तर परत घासायचं. त्या तिरप्या टोकामुळं उभा काना ज्वारीच्या धाटासारखा भरदार यायचा आणि वेलांटीचा शेंडा कुसळासारखा बारीक. एकाच अक्षरात दोन्ही. कान्याच्या तळाला ते बोरू हलकासा उजवीकडं ओढून उचलायचे, त्यानं अक्षराला एक छोटं पाऊल फुटायचं. वरची शिरोरेघ इतरांपेक्षा बारीक ठेवायची आणि दोन्ही टोकांना जराशी फुगवायची. लांबून बघितलं तर पान काळंभोर आणि भारदस्त दिसायचं, जवळ गेलं की त्या बारीक रेघा दिसायच्या, आणि माणूस आपोआप आवाज खाली आणून वाचायचं.

"जाड रेघ कुणालाबी येती," ते म्हणायचे. "शाई सोडली की झालं. बारीक रेघंला दम धरावा लागतो."

आई गेल्यावर अण्णा माझ्याकडं परभणीला राहायला आले. बसस्टँडच्या मागं माझं टायपिंगचं आणि पत्रिका-बॅनरचं दुकान आहे, वर आमचं घर. एका सकाळी त्यांनी लिहिलेला कागद बघितला तर वेलांटीचा शेंडा फाटलेला. दुसऱ्या दिवशी उकाराची शेपटी हलली. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "माय, हात थरथरायलाय." डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे कमी व्हायचं नाही असंही सांगितलं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हे अक्षर हातातून जायच्या आत कॉम्प्युटरमध्ये घालायचं. म्हणजे फॉन्ट करायचा. अण्णा हसले. "यंत्रात घालून काय करतीस? लोणचं?"

पण बसले. दोन हिवाळे आम्ही बाप-लेक त्यात होतो. सकाळच्या चहानंतर तासभर हात स्थिर असायचा, तेवढ्यात ते एकेक अक्षर मोठ्या कागदावर लिहायचे. मी ते स्कॅन करायचे, कडेनं ठिपके लावून उतरवायचे. फोनवरचे व्हिडिओ बघून शिकले, रडत रडत शिकले. एकच वेलांटी सगळ्या अक्षरांना चालत नाही. 'ण'वर घातली तर तोकडी पडते, 'र'वर घातली तर शेजारच्याच्या डोक्यावर जाते. क्ष, ज्ञ, श्र, त्र यांचे निराळे हाल. अक्षराअक्षरात किती जागा सोडायची यावरनं तर आमची इतकी भांडणं झाली की आमचे हे ताट घेऊन खाली दुकानात जेवायला जायचे. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. भिंग घेऊन पडद्याला नाक लावायचे आणि म्हणायचे, "इथं 'ग'चं पोट सुटलं, आवळ." मी आवळायचे. "लय आवळलं, मरंल ते." मी सोडायचे. असलं कटकटं माणूस मी दुसरं बघितलं नाही, आणि इतकं सुखही मला परत कधी लागलं नाही.

सगळी अक्षरं बसली त्या दिवशी मी विचारलं, पहिल्यांदा काय टाइप करू? मला वाटलं, स्वतःचं नाव म्हणतील. त्यांनी माझ्या लेकीचं सांगितलं. तेव्हा ती अकरावीत होती. पडद्यावरचं नाव बराच वेळ बघून म्हणाले, "हिच्या लग्नाची पत्रिका ह्याच अक्षरात करायची. मला दुसरं काय नको." मी हो म्हटलं. त्यात अवघड काय होतं?

सुरुवातीला चांगलं चाललं. दोन-चार मानपत्रं केली, एका दवाखान्याची पाटी केली, वास्तुशांतीच्या आणि लग्नाच्या पत्रिका केल्या. मरून रंगाच्या शाईत ते अक्षर असं खुलायचं की लोक पत्रिका हातात घेऊन अंगठा फिरवायचे. अण्णांना मी प्रत्येक नमुना वर नेऊन दाखवायचे. ते भिंगातून बारीक रेघ शोधायचे आणि सापडली की मान हलवायचे.

मग कोरोनाची ती दुसरी लाट आली.

दुकानाचं शटर बंद. मी कॉम्प्युटर वर घरात आणला. पहिला फोन ताडकळसहून आला, अण्णांच्या शाळेत हेडमास्तर होते त्यांचा. त्यांच्या घरातल्या गेल्या होत्या. त्या बाईंनी माझ्या लहानपणी मला किती भाकरी खाऊ घातल्या त्याला गणती नाही. तेराव्याला कुणाला बोलावता येत नव्हतं, तेव्हा पत्रिका फोनवरच पाठवायची होती. मी त्यांच्यासाठी अण्णांचं अक्षर लावलं. माझ्याजवळ जे सगळ्यात चांगलं होतं, ते लावलं. काळ्या शाईत, पांढऱ्यावर, भोवती एक बारीक चौकट. देवाशपथ सांगते, मी मानानं लावलं होतं.

ते लोकांना दिसलं. आणि मग जो तो तेच मागायला लागला. "सरांच्या घरातल्यांची केली तशी करा." पिंगळीहून फोन, बोरीहून फोन, गल्लीतून फोन. फोनवर पाठवताना ती कुसळासारखी रेघ उडून जायची, अक्षर तुटल्यासारखं दिसायचं. बाया रडत रडत सांगायच्या, "ताई, त्यांचं नाव तुटायलंय." म्हणून मी बारीक रेघा थोड्या जाड करून त्याच अक्षराची दुसरी प्रत बनवली. अण्णांना विचारलं नाही. विचारायला गेले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांपासून वाईट बातम्या लपवायचं काम घराघरात चालू होतं, तसं आमच्याकडंही होतं.

"काय करायलीस ग दिवसभर?" ते पलंगावरनं विचारायचे.

"लग्नाच्या पत्रिका."

"एवढी लग्नं?"

"पंचवीस माणसांत उरकायलेत, अण्णा."

मग ते म्हणायचे, "लग्नाला चांगलं दिसतं माझं अक्षर." मी हो म्हणायचे आणि पुढच्या माणसाचं नाव टाइप करायचे.

आमच्याकडं मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत. उंबऱ्यातच वाचायचं, फाडायचं आणि बाहेर टाकायचं. आणणाराही आत येत नाही, त्याला पाणी विचारत नाहीत. त्या वर्षी पत्रं फोनवर आली, ती फाडता येईनात. लोक ती पुसायचे, पण अक्षर डोळ्यात राहिलं. फोनवर चित्र उघडायच्या आधी, नुसता त्याचा काळा-पांढरा तुकडा दिसला की माणसं विचारायची, "कोण गेलं?" मजकूर पुढचं पुढं.

सगळं उघडल्यावर मी ते परत लग्नाकडं वळवायला गेले. एका पोरीच्या बापाला नमुना दाखवला, मरून शाईत, वर गणपती. त्यानं तोंड फिरवलं. "बाई, हे मयताचं अक्षर आमाला नको." मी म्हटलं, अहो हे माझ्या वडिलांचं आहे. तो म्हणाला, "असंल. त्यांना म्हणावं, राग मानू नका." नंतर आणखी दोघांनी तेच केलं. चौथ्याला मी दाखवलंच नाही. अण्णांना मात्र सांगत राहिले की लोक लय नावाजतात. आता ही गोष्ट त्यांना मरेपर्यंत कळू द्यायची नाही, एवढं मी मनात ठरवून टाकलं.

मागच्या वर्षी लेकीचं लग्न ठरलं. मंडळी बोरीची, शेती बाळगून असलेली, जावई मास्तर. मी हट्टानं अण्णांच्या अक्षरात पत्रिका केली, मरून आणि सोनेरी. विहीणबाई बघायला आल्या. वाईट नाही ती बाई, उलट माझ्यापेक्षा गरीब स्वभावाची. पत्रिका हातात घेतली आणि तिचा चेहराच उतरला.

"ताई, बाकी सगळं झकास हाय. पण हे अक्षर नको."

मी कारण विचारलं नाही. तिनंच सांगितलं. "माझ्या भावाची ह्याच्यातच आली होती."

तिच्या भावाची मीच केली होती. लेक म्हणाली, "आई, ताणू नको." मी ताणलं नाही. बाजारात सगळीकडं चालतं त्या गोल, एकसारख्या जाडीच्या अक्षरात पत्रिका छापल्या. वाचायला सोपं अक्षर आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. मी त्या दिवशी घरात प्रत्येकाशी भांडले.

आणि अण्णांसाठी एक वेगळी काढली. एकच. दुकानातल्या मशीनवर, जाड कागदावर, त्यांच्या खऱ्या अक्षरात, बारीक रेघ बारीकच ठेवून. मोतीबिंदू वाढल्यामुळं त्यांना आता रंगातलं दिसायचं नाही, काळ्यावरच नजर ठरायची, म्हणून काळी काढली. लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचं असतं. ही कुणाला द्यायची नव्हती, घरातल्या घरात फक्त दाखवायची होती. म्हणून मी लावलं नाही. एवढी वर्षं हा धंदा करते, दुसऱ्याच्या पत्रिकेत असलं काही राहिलं असतं तर मी त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या.

अण्णांनी भिंग लावून ती शेवटपर्यंत वाचली. नातीचं नाव आलं तिथं थांबले. हात थरथरत होता म्हणून कागद मी धरला होता. "वेलांटी चांगली बसली," म्हणाले. मग ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि आठ दिवस काढली नाही. सदरा बदलला की पत्रिका नव्या खिशात.

नवव्या दिवशी सकाळी ताडकळसचे हेडमास्तर आले. डोळे तपासायला परभणीला आले होते, तसेच अण्णांना भेटायला जिना चढून वर आले. त्यांना लग्नाची पत्रिका अजून गेलेली नव्हती. अण्णांना काय आनंद झाला. कधी नव्हे ते पलंगावरनं आपलं आपण उठले, दाराशी गेले आणि सर चपला काढत होते तेवढ्यात खिशातली पत्रिका काढून त्यांच्यापुढं धरली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, चहाचं आधण ठेवून. मला ओरडायचं होतं, पण काय म्हणून ओरडू?

सरांनी ती घेतली. एकदा बघितलं. पांढरा कागद, काळं अक्षर, कोपऱ्याला कुंकू नाही.

"कोण गेलं, गुरुजी?" ते हळूच म्हणाले. आणि वाचली नाही. उंबऱ्यात उभ्या उभ्या त्यांनी तिचे दोन तुकडे केले, दोनाचे चार केले आणि मागं जिन्यात टाकले.

अण्णांचा हात तसाच पुढं राहिला होता. "सर," ते म्हणाले, "नातीच्या लग्नाची पत्रिका हाय ती."

सर खाली बसले. अक्षरशः पायरीवर बसले आणि तुकडे गोळा करायला लागले. त्यांच्या बोटांना ते उचलता येईनात. "चुकलं गुरुजी. आमच्या घरातल्यांची ह्याच अक्षरात आली. तवापासून ज्याची आली त्याची ह्याच्यातच. मी वाचतबी न्हाई आता. हातात आली की फाडतो."

चहा झाला की नाही मला आठवत नाही. सर गेल्यावर अण्णांनी मला समोर बसवलं.

"किती जणांच्या केल्यास?"

"मोजल्या न्हाईत."

"वाच."

मी कॉम्प्युटर चालू केला आणि त्या वर्षीच्या फाइली उघडून एकेक नाव वाचायला लागले. ते डोळे मिटून ऐकत होते. मधूनच म्हणायचे, "ह्याचं मानपत्र मी लिहिलं होतं." किंवा, "ह्याच्या बापाचं लिहिलं होतं." एका नावाला म्हणाले, "ही पाचवीला माझ्याजवळ होती, लय गोड अक्षर होतं तिचं." दुपार झाली तरी नावं संपली नव्हती. मग एकाएकी त्यांनी विचारलं, "रेघ टिकली का?"

खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. म्हटलं, "फोनवर टिकत नव्हती. मी जाड केली."

"मला न विचारता?"

"हो."

"एवढ्या लोकांच्या नावात तू रेघ जाड केलीस?" त्यांचा आवाज चढला. माझं टाळकं फिरलं. इतकी वर्षं एकटीनं उचललेलं सगळं तोंडाला आलं आणि मी म्हटलं, "तुमच्या रेघंपायी लोक मरायचे थांबले असते का?"

बोलून गेले. बापाला असं बोलायचं नव्हतं. मी त्यांच्या पायाशी बसून रडले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुझी काय चूक न्हाई. चांगलं म्हणूनच लावलंस." आणि मग म्हणाले, "माझ्या वेळी मात्र हे लावू नको. दुसरं कुठलंबी लाव."

"असं का बोलता?"

"हे अक्षर आता कुणी वाचत न्हाई, माय. बघतेत अन् फाडतेत. माझं नाव एकदा तरी कुणी वाचावं."

लग्न झालं. अण्णांनी खुर्चीवर बसून अक्षता टाकल्या, गोल अक्षरातल्या पत्रिकेबद्दल कुणाला काही विचारलं नाही. ती फाटलेली पत्रिका मी चिकटवून देते म्हटलं, तर नको म्हणाले. बोरू एका डब्यात होते, तो डबा माळ्यावर ठेवायला सांगितला. पुढं पोळा झाल्यावर पंधरा दिवसांतच ते गेले, सकाळी, चहाच्या नंतर, हात स्थिर असायचा त्याच वेळेला.

पत्रिका मीच केली, दुसरं कोण करणार? मजकूर टाइप करताना यादीत त्यांचं अक्षर सगळ्यात वर होतं, कारण मी तेच रोज वापरते. एकदा लावून बघितलं. त्यांचं नाव त्यांच्याच अक्षरात. असं दिसत होतं की जणू निवृत्तीला त्यांनीच स्वतःचं मानपत्र लिहिलंय. मग ते काढलं आणि लेकीच्या लग्नाचं ते गोल अक्षर लावलं. आमच्या भागातल्या एवढ्या माणसांना अण्णांचं अक्षर मिळालं, अण्णांना नाही. भाऊबंदांतले दोघं नाराजही झाले, "सगळ्या जगाला लावतीस अन् बापाला न्हाई?" म्हणाले.

ताडकळसची पत्रिका द्यायला मी स्वतः गेले. सरांचं दार उघडंच होतं. रिवाजाप्रमाणं मी उंबऱ्याच्या बाहेर थांबले आणि हात आत केला. त्यांनी कागद घेतला, अक्षर अण्णांचं नव्हतं म्हणून चष्मा लावला आणि वाचायला लागले. ओठ हलत होते. नाव वाचलं, थांबले, परत वाचलं. चित्रकला शिक्षक, ताडकळस, हेही वाचलं. दिवस, वेळ, ठिकाण आणि खालची आम्हा सगळ्यांची नावं, शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं.

मग फाडली.